ट्रॅम्पोलीनवरच्या कुरड्या

दिवेलागण झाल्याशिवाय देवापुढे दिवा लावायचा नाही, हा सुहासिनीबाईंचा नियम. अकोल्यात तो पन्नास वर्षं बिनबोभाट चालला. आयर्लंडात आल्यावर मात्र जून महिन्यात त्या नियमाची पार फजिती झाली.

किलकेनीत जूनमध्ये रात्री दहापर्यंत अंधार पडायचं नाव नाही. साडेसातला जेवणं व्हायची, साडेआठला आठ वर्षांची नात सानिका झोपायला जायची, नऊला मुलगा अभिजित जांभया द्यायला लागायचा, आणि सुहासिनीबाई हातात काडेपेटी घेऊन खिडकीशी उभ्या. बाहेर लख्ख उजेड. समोरचा म्हातारा गवत कापतोय.

"अव पद्मजा, हा सूर्य मावळते का नाही व इथं?"

"आई, लावा हो तुम्ही दिवा. देवाला कुठे घड्याळ आहे?"

"देवाले नसन. मले हाये." आणि त्या उभ्याच.

पद्मजाला पहाटे सहाला उठून हॉस्पिटल गाठायचं असायचं, पण सासूबाई उभ्या असताना आपण कसं झोपायचं? म्हणून तीही उभी. असे एकवीस दिवस झाले होते. पद्मजाच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघून ऑपरेशन थिएटरमधली नर्स तिला म्हणाली होती, डॉक्टर, आधी तुम्हीच आडव्या व्हा.

आता खरं ते सांगायला हवं. पद्मजाने सासूबाईंना बोलावलं होतं ते हवापालटासाठी नव्हे. ती भूलतज्ज्ञ. पुण्यात शिकली, इथे आली, आणि सहा वर्षं सहा-सहा महिन्यांच्या करारांवर लेटरकेनी, ट्रली, वॉटरफर्ड असं विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरली. आता कुठे किलकेनीच्या हॉस्पिटलात कायमची जागा चालून आली होती. जुलैच्या दुसऱ्या सोमवारी हजर व्हायचं. येणार की नाही, हे एकोणीस जूनच्या शुक्रवारपर्यंत कळवायचं. आणि अडचण अशी की सानिकाच्या शाळेला जूनअखेरीपासून दोन महिने सुट्टी. अभिजित आठवड्यातले चार दिवस सकाळच्या गाडीने डब्लिनला. समर कॅम्पच्या जागा लोकांनी फेब्रुवारीतच पटकावलेल्या. पोरीला बघणार कोण? तर तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेली आज्जी. सगळं कसं छान बसवलं होतं.

फक्त हे आज्जीला कोणी सांगितलं नव्हतं. फोनवर पद्मजा म्हणाली होती, "या ना आई, जरा हवापालट होईल." सासूला पोर सांभाळायला बोलावते, हे कोणत्या तोंडाने म्हणायचं? खरं कारण अभिजितने सांगायचं, असं ठरलं. अभिजित म्हणाला, "सांगतो की. बघू." आता या माणसाच्या 'बघू'वर एक ग्रंथ होईल. घराचं छप्पर गळतंय, बघू. गाडीचा टायर गेलाय, बघू. लग्नाआधी पद्मजाच्या वडिलांनी विचारलं होतं, मुलगी पसंत आहे का, तेव्हाही हा 'बघू' म्हणाला होता. तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं.

तर हवापालटाला आलेल्या सासूबाईंना पद्मजा कशाला हात लावू देईना. आई, तुम्ही बसा. आई, राहू द्या, मी करते. भांडी यंत्र धुवायचं, कपडे यंत्र धुवायचं आणि यंत्रच वाळवायचं. केर काढायला थाळीएवढं एक यंत्र जमिनीवरून सरपटत फिरायचं. सासूबाईंनी एकदा त्याला पायाने अडवलं, तर ते वळसा घालून पुढे गेलं.

"पाह्य. मले पाहून ते बी रस्ता बदलते," त्या म्हणाल्या, आणि त्याच संध्याकाळी जाहीर केलं, "अभिजित, माह्यं तिकीट काढून दे बाप्पा. माह्यासाठी इथं काईच काम नाही. सोफ्यावर बसून बसून मी बी सोफा झालो."

पद्मजाने अभिजितकडे पाहिलं. अभिजित म्हणाला, "बघू."

मग तो रविवार उजाडला, किंवा मावळला नाही म्हणा. रात्री साडेनऊला खिडकीशी उभ्या असलेल्या सासूबाईंनी एकदम विचारलं, "किती घंटे उजेड राह्यते इथं?"

"सतरा तास तरी असेल."

"सतरा!" त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "अकोल्यात बारा घंटे ऊन, दोन दिसात कुरडई खडखडीत वाळते. म्हंजे चोवीस घंटे. इथं दीड दिस. अव, एवढा उजेड वाया चालला आन् तुम्ही घरात बसून राह्यले? कुरड्या टाकू या."

इथे पद्मजाने बोलायला हवं होतं. उजेड वेगळा आणि ऊन वेगळं, हे शाळेतल्या पोरालाही कळतं, ती तर डॉक्टर. या मुलखाला आयरिश लोक 'सनी साउथईस्ट' म्हणतात, म्हणजे इथे इतर आयर्लंडापेक्षा दोन दिवस कमी पाऊस पडतो, एवढंच. अकोल्याच्या मे महिन्यात गच्चीवर अनवाणी गेलं तर तळपाय भाजतात. इथे जूनमध्ये एकवीस अंश झाले की पेपरात बातमी. पण तीन आठवड्यांत पहिल्यांदाच सासूबाईंच्या तोंडावर जीव आला होता, आणि त्यांच्या पाठोपाठ वाक्यही आलं, "जमल्या तर राहीन ऑगस्टपावेतो. नाई जमल्या तर माह्यं तिकीट काढाचं, मंग कोणी रडाचं नाही."

"करू या की!" पद्मजा म्हणाली. हातपाय मोडून घ्यायची हौस याहून वेगळी काय असते!

सोमवारी अभिजितने डब्लिनच्या देशी दुकानातून तीन किलो गहू आणले. सासूबाईंनी बॅगेच्या तळातून पितळी सोऱ्या काढला. डब्लिनच्या विमानतळावर अधिकाऱ्याने तो उलटासुलटा करून पाहिला होता, तेव्हा सानिकानेच सांगितलं होतं, "इट्स फॉर नूडल्स." मंगळवारी रात्री गहू भिजले. तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, शुक्रवारी वाटायचे, पिळून चीक गाळायचा, रात्रभर बसू द्यायचा आणि शनिवारी पहाटे शिजवायचा. एकदा गहू भिजले की माघार नाही. शनिवारी ऊन पडो की आभाळ कोसळो, चीक शिजलाच पाहिजे आणि कुरड्या पडल्याच पाहिजेत.

त्या आठवड्यात पद्मजाने जेवढं हवामान बघितलं तेवढं आयर्लंडातल्या कुठल्या शेतकऱ्यानेही बघितलं नसेल. चहाच्या सुट्टीत फोन काढला, शनिवार कोरडा. जेवताना काढला, शनिवारी सरी. घरी जाताना काढला, अधूनमधून ऊन, अधूनमधून सरी, वारा कुठूनही. हा काय अंदाज झाला? हे तर ती न बघताही सांगू शकली असती. कोणाला विचारावं तर प्रत्येक जण म्हणे, "इट'ल बी ग्रँड," होईल सगळं झकास. या देशात गाडी नदीत बुडत असली तरी लोक म्हणतील, ग्रँड.

शुक्रवारी घरभर आंबट वास. सानिका नाक धरून इथल्या पोरांसारखं आईला म्हणाली, "मॅम, इट स्टिंक्स!" सासूबाई मात्र भांड्यात नाक घालून जरा थबकल्या. "वास कमी हाये," असं काहीतरी पुटपुटल्या. पद्मजाला वाटलं, देवा, याहून जास्त वास असतो?

शनिवारी पहाटे पाचला दोघी स्वयंपाकघरात. सूर्य आधीच हजर, स्वच्छ आभाळ. पद्मजाला हायसं वाटलं. मोठ्या पातेल्यात पाण्याला उकळी, मीठ, हिंग, आणि मग चीक ओतून लाटण्याने घोटायला सुरुवात. "हाट, हाट, हात थांबवू नको, गुठळ्या होतीन!" पद्मजाचे दंड भरून आले. वाफेने छताचा धुराचा भोंगा केकाटायला लागला. वरून अभिजित ओरडला, "काय झालं?" दोघी खालून ओरडल्या, "काही नाही!" पद्मजा एका हाताने टॉवेल हलवून भोंगा गप्प करते आहे, दुसऱ्या हाताने चीक हाटते आहे, आणि सासूबाई म्हणतायत, "त्या डब्याले म्हण, चीक हाये, आग नाही."

मग चीक काचेसारखा चकचकीत झाला. सासूबाईंनी वाटीत डावभर घातला, वर साखर, वर तूप, आणि वाटी पद्मजापुढे धरली. "खाय. पहिला घास करणारीचा."

पद्मजाच्या माहेरी कुरड्या पुड्यातून यायच्या. गरम चीक तिने जन्मात खाल्ला नव्हता. तिने उभ्या उभ्या वाटी चाटूनपुसून खाल्ली आणि दुसरी मागितली. इतक्या दिवसांत त्या दोघींनी पहिल्यांदा कसल्याही 'राहू द्या, मी करते'शिवाय काहीतरी केलं होतं. बरं वाटलं, हे कबूल करायलाच हवं.

"टाकाच्या कुठं?" सासूबाई परसात आल्या आणि इकडेतिकडे बघताना त्यांची नजर सानिकाच्या ट्रॅम्पोलीनवर गेली. इथल्या प्रत्येक परसात असते तशीच ती, उड्या मारायची गोल जाळी, चारी बाजूंनी उंच जाळीचं कुंपण. त्यांनी हाताने दाबून पाहिली. "अरे वा! बाज! खालून हवा, वरून ऊन, आन् कावळे आत येत नाहीत. अकोल्यात असं काई मिळत नाही बाप्पा."

"आज्जी! दॅट्स माय ट्रॅम्पोलीन!"

"तुह्यीच हाये व बाई. दोन दिस माह्यी."

सानिकाला चिकाच्या वाटीने गप्प केलं. धुतलेल्या चादरी अंथरून सासूबाई सोऱ्या घेऊन थेट आत चढल्या. साडी खोचलेली, अंगात स्वेटर, पायात मोजे. प्रत्येक पावलाला ट्रॅम्पोलीन त्यांना वर उचलायची आणि त्या म्हणायच्या, "अगगं!" आठ वाजेपर्यंत दीडशे कुरड्या पडल्या, पांढऱ्याशुभ्र, एकीसारखी एक.

कुंपणाच्या भिंतीपलीकडून ब्रीदाचं डोकं वर आलं. ब्रीदा शेजारीण, सत्तरीची, शाळेतून निवृत्त झालेली. ऊन पडलं म्हणून तिने आरामखुर्ची काढली होती, अर्धी चड्डी घातली होती आणि तिचे खांदे आताच टोमॅटोसारखे लाल झाले होते.

"इट्स रोस्टिंग!" ती आनंदाने म्हणाली.

"काय म्हणते?"

"भाजून निघतंय म्हणतायत."

सासूबाईंनी स्वेटरचं वरचं बटण लावलं. "कुठं?"

साडेनऊला पहिली सर आली.

पावसाला इथे पाऊस म्हणत नाहीत ही आणखी एक गंमत. भुरभुर पडला की 'सॉफ्ट डे' म्हणतात. म्हणोत बापडे. पद्मजा धावली, सासूबाई धावल्या, चादरीची चार टोकं धरून कुरड्या आत. जेवणाच्या टेबलावर, सोफ्यावर, अभिजितच्या लॅपटॉपवर. दहा मिनिटांनी ऊन. चादरी बाहेर. साडेदहाला ढग. आत. अकराला ऊन, बाहेर. अकरा वीसला पुन्हा सर. आत. पद्मजाने एवढी धावपळ इमर्जन्सीतसुद्धा केली नव्हती. तिथे निदान पेशंट एका जागी असतो.

चौथ्या खेपेला एक वेगळीच गोष्ट झाली. आभाळाकडे यांचं लक्ष नव्हतं आणि भिंतीपलीकडून आरोळी आली, "रेन! लेडीज, रेन!" रांगेतल्या सगळ्या घरांची मागची दारं एकदम उघडली आणि बाया आपापल्या दोऱ्यांवरचे कपडे ओढायला धावल्या. ब्रीदाने स्वतःचे टॉवेल टोपलीत कोंबले आणि दारातून इकडे येऊन तिसरी चादर धरली. हे काय वाळत घातलंय, खायचं की लावायचं, काही विचारलं नाही. ओलं होऊ द्यायचं नाही, एवढं तिला कळलं होतं.

"पाहिलं?" सासूबाई धापा टाकत म्हणाल्या. "आमच्या गल्लीतली शांता अशीच वरडे. कोणाचे बी पापड असोत."

पण कौतुक करायला सवड कुठे होती! पाचवी सर, सहावी सर. अभिजित मदतीला आला आणि जाळीच्या कुंपणात पाय अडकून पडला, तेव्हा त्याला आत पाठवला. दुपारी तीनला कुरड्या सकाळपेक्षा ओल्या होत्या. आणि सातव्या सरीला पद्मजाच्या हातून चादरीचं टोक सुटलं. वीसेक कुरड्या गवतात पडून चिकटल्या.

"तुले एक कपडा धरता येत नाही नीट?" सासूबाई म्हणाल्या.

झालं. इतक्या रात्रींचं जागरण एकदम उफाळून आलं.

"नाही येत!" पद्मजा पावसात उभी राहून ओरडली. "नाही येत मला! पाऊस काय मी पाडते? जा तुम्ही, काढते तिकीट, उद्याच जा! सहा वर्षं थांबले मी त्या जागेसाठी. गेली तर जाऊ दे. सांगते त्यांना शुक्रवारी, नाही जमत, माझी पोर बघायला कोणी नाही!"

सासूबाई चादर धरून तशाच उभ्या राहिल्या. "कोणती जागा?"

पद्मजाने घराकडे पाहिलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत अभिजित उभा होता, आणि तो हळूच बाजूला सरकला.

मग पद्मजाने सगळं सांगितलं. कायमची जागा, शुक्रवार, सानिकाची सुट्टी, भरलेले कॅम्प. केसांतून पाणी निथळत होतं, नाक वाहत होतं, आणि लाज वाटत होती ती वेगळीच. सासूबाईंनी ऐकून घेतलं. मग खाली वाकून गवतातल्या कुरड्या एकेक करून उचलायला लागल्या. त्यांची ती वाकलेली पाठ बघून पद्मजाला वाटलं, आता संपलं. ही बाई आता एक दिवससुद्धा राहणार नाही. आपल्या तोंडाला कुलूप का घालता येत नाही आपल्याला?

तेवढ्यात ब्रीदाने दोघींच्या मधे हात घातला, चादरीची टोकं गोळा केली आणि म्हणाली, आता पुरे, हे सगळं घेऊन माझ्या हॉट प्रेसकडे चला.

हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीचं कपाट. आयरिश घरात वरच्या मजल्यावर असतं. आत टाकी, तिच्यावर पट्ट्यापट्ट्यांच्या फळ्या, फळ्यांवर उबेला ठेवलेले टॉवेल आणि चादरी. पद्मजाच्या घरातली टाकी आधीच्या मालकाने काढून टाकली होती, आणि त्या कपाटात बूट ठेवतात. ब्रीदाच्या घरी सासूबाईंनी आत हात घातला. कोरडी, दाट ऊब. त्यांनी हात आतच ठेवला, बराच वेळ.

"हे तर अकोलं हाये," त्या म्हणाल्या.

एका कपाटात सव्वाशे कुरड्या मावेनात. ब्रीदाने दोन फोन केले. चाळीस कुरड्या कोपऱ्यावरच्या कुत्रेवाल्या बाईकडे गेल्या, तीस समोरच्या गवत कापणाऱ्या म्हाताऱ्याकडे. तो बिचारा टॉवेलांची चळत काखोटीला मारून उभा राहिला आणि म्हणाला, "ग्रँड."

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते पद्मजाला विचारा. सासूबाई घरात सापडेनात. सकाळी नऊला आणि संध्याकाळी सहाला, साडीवर स्वेटर घालून, तीन घरांत कुरड्या परतायला जायच्या. जायच्या त्या दोन-दोन तास. परत येताना कधी हातात केकचा तुकडा, कधी परसातली रुबार्बच्या आंबट देठांची जुडी, तिचं काय करतात ते कोणालाच माहीत नव्हतं. त्यांनी तिची डाळभाजी केली. सानिकाने दोनदा घेतली.

"त्या इंग्रजी बोलतात, तुम्ही काय बोलता?" पद्मजाने मंगळवारी विचारलं.

"मी माह्यं बोलतो, ब्रीदा तिचं बोलते. तिचा डावा गुडघा दुखते. तो समोरचा बुढा एकटा हाये, त्याच्या पोराचा फोन रविवारी येते." एवढं बोलून त्या काडेपेटी घेऊन खिडकीशी गेल्या.

तिकिटाचं मात्र अक्षर नाही. पद्मजाला विचारायचा धीर होईना. सोमवारी एकदा तोंड उघडलं आणि निघालं काय, तर "आई, चहा घेता का?" अभिजितला म्हणाली, तू विचार, तुझी आई आहे. तो काय म्हणाला असेल ते सांगायला नको. बुधवारी हॉस्पिटलातून पुन्हा मेल आली, शुक्रवारी दुपारपर्यंत उत्तर द्यावं. पद्मजाने एक उत्तर लिहून ठेवलं, क्षमस्व, घरच्या अडचणीमुळे. पाठवलं मात्र नाही.

गुरुवारी संध्याकाळी सासूबाई तिन्ही घरांतून कुरड्या गोळा करून आल्या. सव्वाशेच्या एकशे तीनच राहिल्या होत्या, कारण कुत्रेवालीच्या कुत्र्याला कपाट उघडता येत होतं. त्यांनी एक कुरडई हातात घेऊन टेबलावर आपटली. टक्क वाजली. वाळली होती, अगदी खडखडीत. पद्मजाने कढई ठेवली. तेल तापलं. तिला वाटत होतं, जणू आपणच तेलात पडणार आहोत.

सासूबाईंनी कुरडई सोडली. अकोल्याची कुरडई तेलात पडली की कढईभर फुलते, पांढरीफेक. ही थोडीशी उघडली, जरा वळवळली आणि पिवळसर होऊन थांबली.

सासूबाईंनी ती निथळली, फुंकर मारली, एक तुकडा मोडून तोंडात टाकला. चावत राहिल्या. पद्मजाला त्यांच्या जबड्याचा आवाज ऐकू येत होता.

"नाही जमल्या," त्या म्हणाल्या.

पद्मजाने गॅस बंद केला. ठरलेलं होतं, रडायचं नाही, तरी डोळे भरलेच. तिला वाटलं, आता वर जावं आणि ती लिहून ठेवलेली मेल पाठवून टाकावी.

"आंबलेच नाही ना गहू," सासूबाई दुसरा तुकडा मोडत म्हणाल्या. "त्या दिशी वास कमी वाटला तवाच मले समजाले पाह्यजे होतं. तिकडं तीन दिसात आंबते, इथल्या थंडीत पाच तरी लागतीन. माह्यं चुकलं. उद्या रात्री भिजवाचे, बुधवारी वाटाचे, गुरुवारी टाकाच्या. ब्रीदाले सांगून ठेवलं. आता बाहेर टाकाच्याच नाहीत, सरळ कपाटात. त्या कुत्र्यावाल्या कपाटाले कडी लावाची हाये."

"आणि... तिकीट?"

"कायचं तिकीट?"

"तुम्हीच म्हणाला होता. नाही जमल्या तर..."

"अव, मंग जमल्या नाहीत ना! अर्धवट काम टाकून जाऊ का मी?" सासूबाईंनी हातातला तुकडा खाली ठेवला. आता त्यांचा आवाज चढला, इथे आल्यापासून पहिल्यांदा. "आन् एक सांग मले. हवापालट! मले काय दम्याचा आजार हाये का हवापालटाले? पोरगी सांभाळाले ये, मले तुह्यी गरज हाये, एवढं म्हणाले तुह्यी जीभ झडत होती? अशीच धावत आलो असतो. एकवीस दिस पाव्हणी करून सोफ्यावर बसवलं मले. तिकडं कोणी दुश्मनाले बी असं बसवत नाही."

"चुकलं, आई."

"चुकलंच. त्या जागेवाल्याले हो म्हणून सांग. आत्ताच सांग, माह्यासमोर."

पद्मजाने फोन काढला. क्षमस्व पुसलं आणि 'येते' लिहिलं. बोटांना तेल लागलं होतं, त्यामुळे दोनदा चुकलं. पाठवल्यावर तिने तीच पिवळी, फसलेली कुरडई उचलली आणि तोंडात टाकली. जरा कडक होती, आणि मीठ झकास पडलं होतं. तिने दुसरी तळायला गॅस पुन्हा लावला.

पावणेदहाला अभिजित डब्लिनहून आला. बाहेर अजून उजेडच होता, आणि आत त्याची आई आणि बायको कढईशेजारी उभ्या राहून पेल्यातला चहा पीत कुरड्या खात होत्या, एकीचा हात दुसरीच्या ताटलीत. त्याने बॅग हळूच खाली ठेवली.

"मग? जमल्या का कुरड्या?"

"नाही!" दोघी एकदमच म्हणाल्या.

अभिजितचा चेहरा पडला. तो एकदा आईकडे, एकदा बायकोकडे बघून चाचरत म्हणाला, "मग आता... तिकिटाचं बघू का?"

"तू काई बघू नको," सुहासिनीबाई काडेपेटी शोधत म्हणाल्या. "तू पाच किलो गहू आण."